टाकीच्या पट्टीवर लिहिलेलं असतं

माहुलच्या बाजूच्या एका बॉटलिंग प्लांटमध्ये माझी सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर मुलुंडला राहायला आलो, तरी सोसायटीच्या जिन्यात सिलिंडर दिसलं की नजर आधी त्याच्या गळ्याकडे जाते. वरची गोल कडी ज्या तीन उभ्या पट्ट्यांवर जोडलेली असते, त्यांतल्या एकीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जून, सी सप्टेंबर आणि डी डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. ‘सी 28’ असेल तर सप्टेंबर 2028 च्या आत ती टाकी चाचणीला गेली पाहिजे. तारीख उलटली म्हणजे टाकी त्या दिवशी फुटते असं नाही, पण ती भरून ग्राहकाच्या घरी पाठवायला मनाई आहे. नव्या टाकीची पहिली चाचणी दहा वर्षांनी, त्यानंतर दर पाच वर्षांनी.

प्लांटमध्ये रिकाम्या टाक्या उतरल्या की हीच पट्टी वाचून ‘टेस्ट ड्यू’ माल बाजूला काढला जातो. आतला उरलासुरला गॅस काढायचा, व्हॉल्व्ह उतरवायचा, टाकी पाण्याने काठोकाठ भरायची आणि पंपाने दाब चढवायचा. घरात वापरताना आतला दाब चौरस सेंटीमीटरला साधारण पाच ते सात किलो असतो. चाचणीत तो पंचवीसपर्यंत नेतात आणि धरून ठेवतात. काटा खाली सरकला, कुठे ओल दिसली, कुठे पत्रा फुगला, की टाकी बाद. पाण्यानेच का, असं नवीन पोरं विचारायची. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी चिरकांडी उडते आणि दाब तिथेच संपतो. हवेने तोच दाब दिला तर फाटलेला पत्रा माणसाचा जीव घेईल.

मी मात्र दाबाच्या काट्याआधी टाकीचा तळ बघायचो. टाकी ज्या कड्यावर उभी राहते, त्याच्या आतल्या कोपऱ्यात मोरीचं पाणी, ओट्याखालची ओल साचते. गंज तिथून धरतो. वरून लाल रंग चकचकीत आणि खाली बोट फिरवलं की पापुद्रे हाताला येतात, अशा टाक्या मी पुष्कळ पाहिल्या. रिकाम्या टाकीचं वजन मूळ वजनापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त घटलं असेल तर नियमच सांगतो की ती चेपून किंवा कापून नष्ट करायची. पुन्हा कुणी जोडून वापरू नये एवढी. हे नियम 2016 चे आहेत, 1884 च्या स्फोटक कायद्याखाली केलेले, आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचं, म्हणजे पेसोचं, मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

एवढं सगळं जपून टाकी प्लांटच्या फाटकाबाहेर पडते. खरा धोका तिथून पुढे सुरू होतो, असं माझं ठाम मत आहे.

एका संध्याकाळी घाटकोपर स्टेशनच्या पुलावर एक मुलगा माझ्या पुढे चालत होता. हातातली कापडी पिशवी जड होती, ती तो या हातातून त्या हातात घेत होता. पिशवीतून लाल रंग दिसला आणि वासही आला. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन मिसळतात. तो वास मी झोपेतही ओळखेन. मी त्याला थांबवलं. सांगलीकडचा होता, भांडुपला चौघांत खोली घेऊन राहणारा.

“काका, आत्ताच भरून आणलाय. तीन स्टेशनं तर जायचंय.”

पुलावरून उतरून आम्ही बाहेर मोकळ्यावर आलो. टाकी पिशवीतून काढली. डोक्यावर शेगडी स्क्रूने बसवलेली, पत्रा पातळ, जोडाची शिवण वाकडीतिकडी. मी ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली. अक्षर नाही, आकडा नाही, रिकामं वजन लिहिलेलं नाही, आयएसआयची खूण नाही. चावीच्या देठाशी ओलं बोट धरलं तर बारीक बुडबुडे येत होते. मागच्या गल्लीत एका दुकानात घरगुती टाकी उलटी धरून पितळी नळीने ही भरून देत होते. किती भरलं याला माप नाही. टाकीत द्रव गॅस काठोकाठ कधीच भरत नाहीत, वर जागा सोडतात, कारण उन्हात द्रव फुगतो. जागा नसेल तर तो फुगलेला द्रव थेट पत्र्यावर येतो. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत असा गॅस काढणं कायद्याने बंद आहे, ते याचसाठी.

आणि ही वस्तू तो सहाच्या लोकलमध्ये नेणार होता. डब्यात माणसाला हात वर करायला जागा नसते, गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली पायांत साचत जातो, आणि हवेत तो दोन टक्क्यांच्या आसपास झाला तरी ठिणगी पुरते. रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मी त्याला कलमापेक्षा मदुराईचं सांगितलं. 26 ऑगस्ट 2023 ला मदुराईत उभ्या असलेल्या एका पर्यटक डब्यात लोकांनी चोरून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. गाडी तर चालूही नव्हती. कुर्ल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. 16 ऑक्टोबर 2015 ला कुर्ला पश्चिमेच्या एका हॉटेलात गॅसगळतीने आग लागून आठ माणसं गेली, त्यांत बहुतेक कॉलेजची मुलं होती, त्याच्याच वयाची.

मुलगा ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, “मग आम्ही जेवण कशावर करायचं?”

त्याचा प्रश्न मला आजही महत्त्वाचा वाटतो. परगावच्या मुलांकडे पत्त्याचा पुरावा नसतो, म्हणून ती अशा गल्लीत जातात. पाच किलोची कायदेशीर टाकी फक्त ओळखपत्रावर मिळते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ती बिनखुणांची टाकी आम्ही तशीच दुकानात परत दिली, दुकानाविरुद्ध मी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार केली, आणि पुढच्या रविवारी त्याच्यासोबत एजन्सीत गेलो. पट्टीवरची तारीख त्यानेच वाचली. टाकी एजन्सीच्या टेम्पोतून त्याच्या खोलीवर गेली.

टेम्पो मुद्दाम सांगतो. भरलेलं सिलिंडर सायकलवर किंवा कुठल्याही दुचाकीवरून न्यायला नियमांत सरळ बंदी आहे. गॅसची टाकी उभीच ठेवायची, कलंडणार नाही अशी बांधायची, आपटायची नाही, घरंगळवायची नाही. आडव्या टाकीतून गळती झाली तर वाफेऐवजी द्रव बाहेर येतो आणि एका लिटरचा अडीचशे लिटरच्या आसपास गॅस होतो. तरीही आपल्या उपनगरांत सायकलला दोन्ही बाजूंना आकड्यांनी लटकवलेल्या टाक्या रोज दिसतात. टाक्या पोचवणाऱ्या पोऱ्यांना मी दोष देत नाही. असल्फ्याच्या टेकडीवर वाहन चढत नाही, तिथे सुमारे तीस किलोची टाकी खांद्यावर घेऊन ते पायऱ्या चढतात. त्यांना ढकलगाडी आणि मदतनीस देणं हे एजन्सीचं काम आहे. ते न देता खाली उतरताना टाकी पायरीवर आदळली म्हणून त्याच पोऱ्यावर ओरडायचं, हा अन्याय आहे. आदळलेल्या टाकीचा पत्रा टिकतो, पण तिचा व्हॉल्व्ह आणि त्यातली रबरी ओ-रिंग दुखावते, आणि घरातल्या गळत्या बहुतेक तिथूनच होतात.

तेव्हा टाकी घेताना दोन मिनिटं काढा. सील फोडायच्या आधी पट्टीवरचं अक्षर वाचा, तारीख उलटली असेल तर टाकी परत पाठवा, तो तुमचा हक्क आहे. वजन करून मागा, ओ-रिंग जागेवर आहे का ते टाकी आणणाऱ्यालाच बघायला लावा आणि गळती साबणाच्या फेसाने तपासा, काडी पेटवून कधीही नाही. रिकामी झालेली टाकीही पूर्ण रिकामी नसते, आत वाफ असतेच, म्हणून व्हॉल्व्हवरची दोऱ्याची टोपी फेकू नका, टाकी काढल्यावर परत लावा. वास आला तर बटणाला हात न लावता खिडक्या उघडा, घराबाहेर या आणि 1906 ला फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.