जनीची वाकळ

जनाबाईचे आख्यान मी पुष्कळ वर्षे लावले. आता घसा साथ देत नाही, वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली. तरी ते आख्यान मनातून उतरत नाही. थंडीच्या दिवसांत तर नाहीच.

कथा आपण सारे जाणता. पांडुरंग जनीच्या खोपटात आला. पहाटे राउळात परतायची घाई झाली, तेव्हा शेला आणि पदक तिथेच राहिले आणि देव जनीची वाकळ पांघरून निघून गेला. श्रोते इथे माना डोलावतात. पुढचा भाग मात्र घाईने ऐकतात. पदक जनीच्या घरी सापडले. दासीजवळ सोने कोठून आले, असे लोकांनी विचारले. चोरीचा आळ आला आणि गोष्ट सुळापर्यंत गेली. सुळाचे पाणी झाले, तेव्हा ती सुटली. म्हणजे देणारा प्रत्यक्ष देव असला, तरी जाब एकट्या बाईलाच द्यावा लागला. सेवा करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आमचा यवतमाळ जिल्हा कापसाचा. कार्तिकी करून वारकरी गावी परततात, तेव्हा वेचणी भरात असते. मार्गशीर्ष-पौषात सकाळी पऱ्हाटी दवाने ओली असते, बोंडांच्या टोकांनी बोटे फाटतात. मजुरी किलोवर, ऊन वर येईपर्यंत घरी थांबणे परवडत नाही. या वेचणाऱ्यांत धन्याने कर्जापायी जीव दिलेल्या आहेत, नवऱ्याने टाकलेल्या आहेत, मागेपुढे कोणी नसलेल्या म्हाताऱ्या आहेत. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर सरकार कुटुंबाला एक लाख रुपये देते. पण जमिनीचे आणि कर्जाचे कागद जुळले नाहीत, तर प्रकरण अपात्र ठरते. थंडी पात्र-अपात्र पाहत नाही.

राळेगाव तालुक्यात रावेरीला सीतामाईचे मंदिर आहे. तिथे शेजारी राम नाही, सीता एकटी आहे. जुनी माणसे सांगतात, वनात सोडलेली सीता इथे राहिली. लेकरांसाठी तिने गावात पसाभर गहू मागितले, गावाने दिले नाहीत. म्हणून इथे गहू पिकणार नाही, असा तिने शाप दिला. या मंदिराचा जीर्णोद्धार शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने केला. बायकोच्या नावे जमीन करून द्या, असे सांगणारा लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रमही त्यांचाच. गहू हे थंडीचे पीक. त्याच थंडीत दाराशी आलेल्या एकटीला आपण काय देतो, हे त्या मंदिरात उभे राहिले की आपोआप मनात येते.

गाडगेबाबांची पुण्यतिथी २० डिसेंबरला येते. १९५६ साली त्यांनी देह ठेवला. चिंध्यांची गोधडी अंगावर वागवणाऱ्या त्या महात्म्याला लोक गोधडेबाबाही म्हणत. गाव झाडल्याशिवाय ते भाकरी घेत नसत. आमचे भजनी मंडळ त्या सुमारास पांघरुणे घेऊन निघते. सेवा लहान आहे, नियमही थोडेच. पुरुषांनी एकट्याने कोणाच्या दारी जायचे नाही. मंडळातल्या माळकरी बाया पुढे असतात. जायचे ते दिवसाउजेडी, वेचणीला सुटी असेल त्या दिवशी. फोटो नाही, हारतुरे नाहीत, दात्याचे नाव नाही. जनीवर आळ आला तसा आपल्या दानापायी कोणावर येऊ नये, एवढाच हेतू. पांघरूण देण्याआधी छपराचे भोक, मोडके दार पाहायचे. ते दुरुस्त होत असेल तर आधी ते. वारा आत येत असेल, तर घोंगडी किती पुरणार?

आणि शेवटचा नियम मला सर्वांत प्रिय. ती माउली चहा देईल, ज्वारीची भाकर-ठेचा पुढे करील, तर नको म्हणायचे नाही. देवाने जनीला शेला दिला एवढेच आपण सांगत आलो. त्याने तिची वाकळ अंगावर घेतली, हेही सांगितले पाहिजे. जिच्याकडून काहीच घ्यावेसे वाटत नाही, तिला आपण भिकारीण समजतो. जिच्या हातचे आपण खातो, ती सोयरी होते.

वारीला आपण एकमेकांच्या पाया पडतो, ते वयही पाहत नाही, जातही पाहत नाही. तीच दृष्टी पौषात आपल्या आळीतल्या शेवटच्या घरापर्यंत न्यावी. दर्शनाची रांग तिथे नसते, पण देव असतो; फाटकी वाकळ पांघरून बसलेला.

राम कृष्ण हरी.