पंचवीस मिनिटांचा प्रवास

आमच्या नेरळहून पुण्याला जायचे तर कर्जत गाठावे, गाडी धरावी, घाट चढावा. गाडीचा मेळ बसला तर तीन तासांत माणूस पुण्यात. मी मात्र एकदा उलट्या वाटेने गेलो. पुतण्याने हौसेने मुंबई-पुणे विमानाचे तिकीट काढले. "काका, हवेत पंचवीस-तीस मिनिटे फक्त!" म्हणाला. म्हटले, पाहू तरी.

पहाटे साडेपाचला घर सोडले. पुण्याकडे पाठ करून लोकलने घाटकोपर, तिथून रिक्षाने विमानतळ. सामानाची तपासणी, अंगाची तपासणी, मग नुसते बसून राहणे. तिथल्या चहाच्या भावाबद्दल न बोललेले बरे.

विमान उडाले तेही आधी पश्चिमेला, समुद्राकडे. पाखराप्रमाणे विमानही वाऱ्याला तोंड देऊन उडते. मग वळसा घेऊन पूर्वेकडे. नकाशावर पट्टी ठेवली तर दोन विमानतळांत सरळ अंतर सुमारे १२५ किलोमीटर, आणि रेघ जाते आपल्या कर्जतजवळून! ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने हे दहा मिनिटांचेही काम नाही. पण तो वेग मिळतो दहा किलोमीटर उंचीवर. तेवढ्या उंचीवरून बेताने उतरायलाच दीडशे किलोमीटर लागतात. म्हणून इथे विमान पुरते वर जातच नाही. चढले न चढले तोच उतरू लागते. माथेरानचा सपाट माथा दिसला म्हणेपर्यंत मागे गेला.

पुण्यात नातलगाच्या दारी पोचलो तेव्हा एक वाजला होता. हवेत पंचवीस मिनिटे, घरापासून साडेसात तास.

हसू आले, पण सोबत एक जुनी भेंडीही आठवली. आदल्या वर्षी आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याला आखाती देशांत माल पाठवणारा व्यापारी मिळाला होता. वाशीचा रस्ता किती, असे त्याने विचारले. मी ठसक्यात सांगितले, "दोन तास." त्या हिशेबाने त्याने सकाळी उशिरा तोडणी धरली. निवडण्यात वेळ गेला, टेम्पो दुसऱ्याच्या शेतावर थांबला, पेट्या उन्हात राहिल्या. भेंडी कोवळी तोडून लगेच गारव्यात न्यावी लागते, हे मीच शिकवलेले. निम्मा माल परत आला. तो काही बोलला नाही. त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि विचारले, "साहेब, ते दोन तास कुठून कुठवरचे मोजले होते?"

मला उत्तर देता आले नाही.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. नेरळहून सरळ रेघेत तो तीस किलोमीटरच्या आत, पण मध्ये माथेरानचा डोंगर. तोच शेतकरी परवा विचारत होता, "साहेब, आता तरी माल लवकर जाईल ना?" या वेळी मी आकडा सांगितला नाही. पहाटे त्याच्या बांधावर गेलो आणि वहीत वेळा मांडल्या. तोडणी सुरू ५-४०, निवड संपली ७-५०, पेट्या भरून ८-३०. टेम्पो आला १०-०५ ला.

रस्त्याचा रकाना अजून कोराच होता, आणि साडेचार तास होत आले होते. वहिनी म्हणाल्या, "टेम्पोवाल्याला आजच फोन लावा." त्याने तिथेच, बांधावरून लावला.