आधी मोजा, मग बदला

जुनी गाडी चालू होत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो : बॅटरी बदला. त्यानं नाही भागलं तर स्टार्टर. मग कॉइल. आणि शेवटी, "साहेब, किती दिवस ओढणार, काढून टाका आता." इथपर्यंत पोचेस्तोवर दहा-पंधरा हजारांचा चुराडा झालेला असतो आणि मुळात बिघडलं काय होतं, हे कुणालाच कळलेलं नसतं.

आमच्या घरी १९७० सालची फियाट ११०० आहे. वडिलांनी सेकंडहँड घेतलेली. गेल्या पावसाळ्यानंतर तिनं कुरकुर सुरू केली. स्टार्टर मारला की घर्र... घर्र... आणि गप. एका चकचकीत गॅरेजनं नवी बॅटरी घालायला लावली. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. आता म्हणे स्टार्टरच गेलाय.

तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरात हयात घालवलेल्या एका मिस्त्रीमामांना घरी बोलावलं. वय सत्तरीच्या पुढं. येताना सोबत एक मल्टिमीटर, दोन पाने आणि पॉलिश पेपरचा तुकडा.

"मामा, स्टार्टर बदलायला सांगितलाय."

"बदला की. पण आधी मला सांगा, करंट जातोय कुठनं आणि परत येतोय कुठनं?"

मी गप्प. मामा हसले. "जायचा रस्ता समदी बघत्यात. परतीचा रस्ता कोण बघत न्हाई."

मग त्यांनी जे केलं ते जुनी गाडी असलेल्या प्रत्येकानं समजून घ्यावं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी बॅटरीचा व्होल्टेज मोजला. १२.६. म्हणजे भरलेली. मग कॉइलची मधली वायर काढून अर्थ केली, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, नुसता स्टार्टर फिरेल. मला स्टार्टर मारायला सांगितला. व्होल्टेज १०.४ वर आला. साडेनऊच्या खाली घसरला असता तर बॅटरीवर संशय घ्यायचा. इथं बॅटरी निर्दोष सुटली. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. पुन्हा स्टार्टर. मीटरवर १.८ व्होल्ट! तिथं अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी यायला हवा.

कारण सोपं आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते, ती अर्थिंगची. स्टार्टर इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर सहज खेचतो. त्या रस्त्यात एक शतांश ओहम एवढा क्षुल्लक अडथळा आला तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथंच खर्ची पडतो. आमच्या पट्टीच्या बोल्टखाली जुना रंग आणि गंज होता. नवी बॅटरी ताज्या दमाची, म्हणून चार दिवस तिनं रेटून नेलं, इतकंच.

पट्टी काढली, दोन्ही टोकं चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट कसला, वरून ग्रीस. पुन्हा मोजलं. ०.२. गाडी पहिल्या झटक्यात चालू. खर्च शून्य. मामांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा घेतला.

(आमच्या गाडीत निगेटिव्ह अर्थ आहे. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह असतो. मीटर लावण्याआधी तेवढं बघा.)

मामांची पद्धत थोडक्यात अशी. बिघाड आधी तीन टोपल्यांत वाटायचा.

१) स्टार्टर फिरतच नाही. हेडलाइट लावा आणि स्टार्टर मारा. दिवे अगदीच मंदावले तर बॅटरी, टर्मिनल किंवा अडकलेला स्टार्टर. दिवे ढिम्म, जसेच्या तसे, तर करंट स्टार्टरपर्यंत पोचतच नाहीये. स्विच आणि त्याच्या वायरी तपासा.

२) स्टार्टर फिरतो, पण मरगळून. वर सांगितलेली मोजणी करा. आधी परतीचा रस्ता, मग जाण्याचा.

३) स्टार्टर जोमात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. आता स्पार्क बघा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटवर काळा थर बसतो, तो साफ करा आणि गॅप फीलर गेजनं लावा. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सरकडे बोट दाखवा. गाडी थंड असताना छान चालते, वीस मिनिटांनी बंद पडते आणि गार झाल्यावर पुन्हा चालू होते, तर कॉइल तापून दम तोडत असेल. पण उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊनही हुबेहूब असंच होतं. फरक कसा ओळखायचा? गाडी बंद पडलेली असतानाच स्पार्क बघायचा. स्पार्क आहे, तर कॉइलला दोष देऊ नका.

एवढंच. यात जादू काही नाही. प्रत्येक पायरीला एक प्रश्न आणि त्याचं एक मोजता येणारं उत्तर.

आता मूळ मुद्दा.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली दुचाकी वा चारचाकी असेल तर 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठी रस्त्यावर आणता येते. चांगला नियम आहे. वारसा म्हणून गाडीला मान मिळाला. पण गाडी जपणारा नियम झाला, गाडी ओळखणाऱ्या माणसाचं काय? नंबरप्लेट आरटीओ देईल, मामा कुठून आणणार?

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळून फोटो टाकले. त्या काळ्या-पिवळ्या गाड्यांबरोबर फूटपाथवर बसून त्या चालत्या ठेवणाऱ्या मिस्त्रींची एक अख्खी पिढीही कामातून गेली. त्यांचे फोटो कुणी टाकले नाहीत.

काही मित्र म्हणतील, हा सगळा गतकाळाचा उमाळा आहे, आता स्कॅनर लावला की कोड येतो. येतो ना. पण कोड लक्षण सांगतो, कारण नव्हे. व्होल्टेज कमी असल्याचा कोड आला तर सेन्सर गेलेला असू शकतो, वायर कुरतडलेली असू शकते, किंवा तीच गंजलेली अर्थिंगची पट्टी असू शकते. नव्या गाडीलाही ती पट्टी असतेच. ज्याला मोजायचं शिकवलेलं नाही तो सेन्सर बदलणार, बिल तुम्ही भरणार.

केंद्र सरकारचं 'राइट टू रिपेअर' पोर्टल २०२२ मध्ये सुरू झालं, त्यात वाहनंही आहेत. दिशा योग्य आहे. पण नुसत्या सुट्या भागांची आणि सर्व्हिस सेंटरची माहिती पुरेशी नाही. वायरिंगचे नकाशे आणि तपासणीच्या पद्धती गल्लीतल्या मेकॅनिकला परवडतील अशा मिळायला हव्यात. फियाटचा अख्खा वायरिंग नकाशा एका पानावर मावायचा, म्हणून चौथी शिकलेले मामाही तो वाचू शकले.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स असतो. प्रत्येक आयटीआयनं एक जुनी गाडी वर्कशॉपमध्ये उघडी ठेवावी, मुद्दाम बिघाड करावा, आणि आठवड्यातून एक दिवस गावातल्या निवृत्त मिस्त्रीला मानधन देऊन बोलवावं. डिग्री विचारू नका. पोरांना एवढंच सांगा की भाग बदलायचा नाही, आधी बिघाड शोधून दाखवायचा. ज्या गाडीतलं सगळं डोळ्यांना दिसतं, तिच्यावर हे लवकर शिकता येतं.

आणि खरं सांगू? ही सवय फक्त गॅरेजात कमी पडलेली नाही. रस्त्यावर दरवर्षी त्याच जागी खड्डा पडतो, आपण दरवर्षी त्याच जागी डांबर ओततो, पाणी कुठून येतंय आणि जातंय कुठे हे बघत नाही. पाणी येत नाही म्हणून मोटार बदलतो, गळती मोजत नाही. परतीचा रस्ता कोण बघत न्हाई, हे मामांचं वाक्य जिथं लावाल तिथं लागू पडतं.

तुमच्या गावात असे कुणी मिस्त्री अजून असतील तर त्यांच्याकडे तासभर बसा. ते काय बघतात, कुठल्या क्रमानं बघतात, लिहून घ्या, व्हिडिओ करा. सुटे भाग उद्याही बनवता येतील. हा क्रम त्यांच्याबरोबर गेला तर परत मिळणार नाही.