बंबाचा हिशेब

नरक चतुर्दशीची पहाट. कोथरूडमधल्या एका बारा मजली सोसायटीत घराघरांतून उटण्याचा वास येतोय आणि गच्चीवरची टाकी तळाला गेली आहे. बाराव्या मजल्यावर नळाला करंगळीएवढी धार. दुसऱ्या मजल्यावर तोच नळ सोडला की पाणी बादलीच्या तळावर आपटून भिंतीपर्यंत उडतं. वरचे म्हणतात, प्रेशर पंप बसवा. कमिटी म्हणते, आणखी एक टाकी बांधू. इमारतींमधल्या पाण्याचा आणि विजेचा हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय, म्हणून सेक्रेटरींनी दिवाळीनंतर मला बोलावलं. टाकीचं कोटेशन तोवर आलेलंही होतं.

अशा वेळी लागतात दोनच वस्तू: पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका काकूंकडे बादली पन्नास सेकंदांत भरली, बाराव्यावर अडीच मिनिटं लागली. पाण्याची पातळी दहा मीटर उंच असली की नळावर साधारण एक बार दाब येतो, आणि दाब चौपट झाला की धार दुप्पट होते. दुसऱ्या मजल्याचा नळ टाकीच्या खाली पस्तीसेक मीटर, बाराव्याचा जेमतेम चार. म्हणजे खालच्या घरांत हात धुतानासुद्धा तिप्पट पाणी वाहत होतं आणि त्याची झळ वरच्यांना बसत होती. त्याला टाकी कशाला? खालच्या मजल्यांना जाणाऱ्या उभ्या पाइपवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवा. प्लंबर त्याला नुसतं ‘पीआरव्ही’ म्हणतात.

नळाच्या तोंडाला बसवायची जाळी, म्हणजे एरेटर, ही दुसरी स्वस्त वस्तू. पण ती कुठे बसवायची हे कळलं पाहिजे. बेसिनला आणि स्वयंपाकघरातल्या सिंकला ती खरंच उपयोगी पडते, कारण तिथे हात किंवा भांडं धुतलं जाईपर्यंत नळ चालू असतो. बादली भरायच्या नळाला जाळी लावली तर बादली उशिरा भरते, एवढंच. पंधरा लिटरची बादली पंधरा लिटरच घेते. तरी सरसकट सगळ्या नळांना जाळ्या बसवलेली घरं मी नेहमी पाहतो. पंधरा दिवसांत वैतागून लोक त्या काढून टाकतात, आणि बेसिनची जाळीही त्यात जाते.

पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच येते, त्यामुळे नळ किती वेळ वाहिला ते बिलात दिसत नाही. पाण्याचा खर्च दिसतो तो टँकरच्या पावत्यांत आणि विजेच्या बिलात. त्यातही पंपाला उगाच दोष दिला जातो. दहा हजार लिटरचा एक टँकर छत्तीस मीटर उंच चढवायला, पंप-मोटरमधली घट धरून, दोन युनिटांच्या आसपास वीज लागते. तेच दहा हजार लिटर वीस अंशांनी तापवायला लागतात सुमारे २३० युनिट. हा आकडा सांगितला की मीटिंगमध्ये लोक पुन्हा विचारतात, आणि मी पुन्हा सांगतो. शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं, मिनिटाला दहा लिटर धरले, तर ८० लिटर गरम पाणी, म्हणजे जवळजवळ दोन युनिट. वीस लिटरची बादली अर्ध्या युनिटाच्या आत आटोपते.

आमच्या आजोळी तांब्याचा बंब होता. वरून जेवढं गार पाणी ओतावं तेवढंच कढत पाणी तोटीतून घंगाळात पडे. आडावरून शेंदून आणलेली कळशी आपल्याच हातांनी ओतायची, त्यामुळे किती गरम पाणी वापरलं हे खांद्यांना कळायचं.

या सोसायटीत सोलर होता. सोलर, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांपैकी एक असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, दोन असतील तर १० टक्के. सवलत मिळत होती, पण गरम पाणी गच्चीवर आणि काकू दुसऱ्या मजल्यावर. रात्रभर पाइपात राहिलेलं पाणी निवलेलं असतं. आतून इंचभर रुंद पाइपात दर मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं, म्हणजे पस्तीस मीटरला सतरा-अठरा लिटर. काकू ते बादलीत धरून लादी पुसायला ठेवतात. बाकीच्या घरांत ते मोरीतून जातं, आणि कंटाळून शेवटी गीझर लावला जातो. इथे पाइपावर फोमचं आवरण आणि निवलेलं पाणी परत टाकीत फिरवणारा छोटा पंप हवा. पहाटेच्या दोन तासांपुरता तो टायमरवर चालला तरी पुरे.

राहिला फ्लश. आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातले ४५ लिटर एकट्या फ्लशचे. जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटर सोडतात. नव्या दोन बटणांच्या टाक्या तीन किंवा सहा. मात्र दहा लिटरच्या धारेसाठी घडवलेल्या जुन्या कमोडवर नुसती नवी टाकी चढवू नये. एकदा पाणी टाकून भागत नाही, लोक दोनदा बटण दाबतात आणि बचत तिथेच संपते. बदलायचं तर कमोड आणि टाकी जोडीनं बदलावी.

त्याआधी गळती पाहावी. फ्लशच्या टाकीतलं रबरी वायसर झिजलं की पाणी आवाज न करता कमोडच्या कडेनं झिरपत राहतं. पांढऱ्या भांड्यावर ते दिसत नाही. काकूंच्या फराळाच्या डब्यांशेजारी खायच्या केशरी रंगाची पुडी होती. चिमूटभर रंग टाकीत टाकला आणि बटण न दाबता आम्ही बाहेर चहा घेतला. पंधरा मिनिटांनी कमोडच्या आत केशरी ओघळ उतरला होता. काकू क्षणभर गप्प राहिल्या, मग पुडी घेऊन शेजारच्या दाराची बेल वाजवायला निघाल्या. संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस घरांतून पुडी फिरली. अकरा ठिकाणी रंग उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर वायसरांची पिशवी घेऊन आला, आणि त्यानं बाराव्या मजल्यापासून सुरुवात केली.