मानिटोबांतील सर्पविवरें

कॅनडाच्या मानिटोबा प्रांतांत, विनिपेग शहराच्या उत्तरेस, नार्सिस नांवाचें एक खेडें आहे. तेथून सहा किलोमीटर पुढें गेलें कीं सरकारनें राखलेलें एक रान लागतें. वरकरणी तेथें पाहण्यासारखें कांहींच नाहीं. सपाट माळ, खुरटीं झाडें आणि सुमारें तीन किलोमीटरांची पायवाट. परंतु एप्रिलच्या अखेरीस येथील चार विवरांच्या कांठीं उभें राहिलें, म्हणजे खालची जमीनच हालत आहे असा भास होतो. हजारों सर्प एकाच वेळीं उन्हाला आलेले असतात! वाळल्या पानांवरून चाललेली त्यांची सळसळ स्पष्ट ऐकूं येते.

हा गार्टर सर्प. पाठीवर पिवळसर पट्टे, कुशीला तांबूस ठिपके, मनुष्यास निरुपद्रवी. हातीं धरल्यास दुर्गंधी सोडतो, एवढीच त्याची शिक्षा. आपल्याकडील तळ्याविहिरींतला दिवड याचाच दूरचा आप्त होय. मात्र दिवड अंडीं घालतो, हा जिवंत पिलांस जन्म देतो.

तेथील हिवाळ्यांत जमीन खोलवर गोठते. चुनखडीच्या खडकांत पाण्यानें पडलेल्या भेगांतून हे जीव त्या गोठलेल्या थराखालीं उतरतात व महिनोन्महिने निराहार पडून राहतात. वसंतांत नर आधीं वर येतात. मागाहून एकेक मादी येते आणि तिच्याभोंवतीं पुष्कळ नरांचा गुंता जमतो. अशा स्वयंवराची कल्पना आपल्या पुराणिकांसही सुचली नसेल! या आकर्षणाचें मूळ मादीच्या त्वचेवरील द्रव्यांत आहे, हें रॉबर्ट मेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केलें. पोटाचे खवले ठराविक खुणेनें कातरून सर्प सोडून द्यावयाचे व पुढें कोण परतला तें पाहावयाचें, ही संशोधकांची हजेरी घेण्याची रीत. पुष्कळसे सर्प आपल्याच विवराकडे परततात, असें तीवरून कळलें.

हा परतीचा नेमच त्यांच्या जिवावर उठला. उन्हाळ्यांत दलदलींत बेडूक खाण्यास गेलेले सर्प शरदांत परततांना १७ क्रमांकाचा हमरस्ता ओलांडीत, आणि मोटारींखालीं हजारोंनीं चिरडले जात. शेवटीं रस्त्याकडेला कुंपणें घालून खालून लहान बोगदे काढण्यांत आले. तेव्हांपासून ही हानि पुष्कळ घटली.

सर्प दिसतांच काठी शोधणाऱ्या मुलांना घरांतील वडीलधाऱ्यांनीं ही हकीकत अवश्य सांगावी. तेथें सर्पांनीं आपली वाट सोडली नाहीं. माणसानेंच आपल्या वाटेखालून त्यांना वाट करून दिली.