बाग-ए-वफाचा ‘मूळ आराखडा’

चि. सोनू,

तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण पोचलं. भाषा छान, पण चित्राखालची ओळ वाचून तुझ्या आत्याचा पारा चढलाय. ‘बाग-ए-वफाचा मूळ आराखडा’! अगं, मूळ कुणाचा?

बाबरानं ही बाग आजच्या जलालाबादजवळ, आदिनापूरच्या किल्ल्यासमोर १५०८-०९ मध्ये वसवली. तू वापरलेलं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधलं चित्र १५९० च्या सुमाराचं, म्हणजे बाबर जाऊन साठ वर्षं झाल्यावरचं. अब्दुर्रहीम खानखानानं बाबराच्या तुर्की आठवणी फारसीत आणून १५८९ मध्ये अकबराला सादर केल्या, त्या पोथीसाठी अकबराच्या चित्रशाळेनं हे रंगवलं. रचना बिशनदासाची, चेहरे नान्हाचे. (पुढे हुबेहूब चेहरे काढतो म्हणून जहांगीरनं ज्याला इराणला धाडलं, तो हाच बिशनदास. इथे मात्र चेहरे वडीलधाऱ्या नान्हाकडे! तुझ्या आजोबांच्या छापखान्यातही मुखपृष्ठ थोरल्यांकडेच असे.)

आता बाबर काय लिहितो ते बघ. बाग उंचावर, किल्ला आणि बाग यांच्यामधून नदी. मधल्या टेकाडावर चार वाफे, शेजारून एक पाणचक्की फिरेल एवढा बारमाही ओहोळ. नैर्ऋत्येला दहा बाय दहाचा हौद, भोवती नारिंगं, थोडी डाळिंबं आणि गवताचं कुरण. त्या वर्णनात तटाची भिंत नाही, दरवाजाही नाही. चित्रात दोन्ही ठसठशीत आहेत आणि दाराबाहेर भेटीला आलेली माणसं ताटकळताहेत. हातात चौकटींचा नकाशा धरलेला स्थपती, दोरी लावून मोजणारे माळी, हे सगळं बघायला बहारीचं. पण ती शिस्त अकबराच्या दरबाराची. आजोबाची बाग नातवाला जशी हवी होती, तशी ती रंगवली गेली.

आत्याचं हे जुनंच वेड, माहीत आहे तुला: बागेच्या चित्रात आधी चित्र काढून घेणारा शोधावा. इटलीत फर्डिनांदो मेदिचीच्या आर्तिमिनोच्या वाड्यासाठी चित्रकार युटेन्सनं मेदिची घराण्याच्या बागा रंगवल्या. त्यांतल्या प्रातोलिनोच्या बागेची त्यानं दक्षिणेकडची अर्धीच बाजू दाखवली. उत्तरेकडचा, शिल्पकार जांबोलोन्यानं घडवलेला अपेनिनो या राक्षसाचा अवाढव्य पुतळा त्यात नाहीच. तेवढ्यावरून प्रातोलिनो मांडायला बसलीस तर राक्षसच हरवेल!

काळजी वाटते ती वेगळीच. प्रबंध कपाटात पडून राहिला तर एक वेळ ठीक, पण उद्या एखाद्या खात्यानं तुझ्या या ‘आराखड्या’बरहुकूम भिंती उभ्या केल्या तर? काबूलमधल्या बाबराच्या बागेच्या जीर्णोद्धाराचं काम आगा खान ट्रस्टनं केलं, तेव्हा बघ, जमीन खणून जुने पाट शोधले गेले. शिवाय तू रात्र रात्र जागतेस म्हणे, वहिनी सांगत होती. ते आधी बंद कर.

आणि झाडांचा तक्ता चित्रावरून मुळीच करू नकोस. केळी लाहोर जिंकल्याच्या वर्षी लावली, ऊस त्याआधीच्या वर्षी, हे बाबरानं स्वतः लिहून ठेवलंय. ते पान काढ आणि तक्ता नव्यानं पाठव.

तुझी आत्या