विषम सेकंद

पेनड्राइव्हवर फाईल लिहिली, वेळ बघितली: १०:१५:३७. ड्राइव्ह काढून पुन्हा लावला, तर १०:१५:३६! कुणी हात लावलेला नाही आणि फाईल एका सेकंदाने म्हातारी.

लिनक्सच्या जुन्या कर्नलवर हे हमखास व्हायचं. फॅट फाईलसिस्टिममध्ये बदलाच्या वेळेला १६ बिट. तासाला ५, मिनिटाला ६, उरले ५. त्यांत ३२ आकडे मावतात आणि सेकंद तर साठ! म्हणून दोन-दोन सेकंदांच्या जोड्या. डॉसच्या काळातली काटकसर. (फाईल तयार झाल्याच्या वेळेला मात्र वेगळा बाइट देऊन सेकंदाचा शंभरावा भागही मोजलाय. असो.)

काटकसरीबद्दल माझी तक्रार नाही. ड्रायव्हर मेमरीतल्या आयनोडमध्ये ३७ ठेवायचा आणि डिस्कवर ३६ लिहायचा, हे खटकतं. आयनोड मेमरीत आहे तोवर एक उत्तर, नंतर दुसरं.

नंतरच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर मेमरीतच वेळ छाटतो. हरवलेला सेकंद त्याने परत येत नाही. बाबांच्या फोटोंचा बॅकअप मी पेनड्राइव्हवर आरसिंकने घेतो. मूळ फोटोची वेळ विषम असली की तो फोटो आजही पुन्हा कॉपी होतो. त्यासाठी मॉडिफाय-विंडो १ द्यावंच लागतं. पण निदान आता फरक कॉपी झाल्या झाल्या दिसतो. पूर्वी लगेच पडताळलं तर सगळं जुळायचं, आणि आठवड्याने ड्राइव्ह लावला की निम्मे फोटो बदललेले! तेव्हा शंका यायची ती पेनड्राइव्हवर.